एक तुफान, दोन पैलवान

पंचांनी दोन्ही पैलवानांचे हात एकदम वर केले. मैदानात शिट्ट्या झाल्या, फेटे उडाले. कुस्ती बरोबरीत सुटली होती. इनाम म्हणून ठेवलेली मोटरसायकल मात्र एकच होती, आणि ती मी आणली होती.

सातारा जिल्ह्यातल्या उंब्रजजवळच्या एका गावच्या जत्रेतली ही हकिकत. सत्तरच्या दशकात पेट्रोल एकदम महागलं, त्यानंतरची. मी तेव्हा ‘तुफान’ मोटरसायकलच्या कंपनीत सेल्स रिप्रेझेंटेटिव्ह होतो. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे माझ्याकडे. पुण्यात वाढलेला, उन्हाळ्यातही टाय लावणारा आणि समोर चार माणसं जमली की नाटकाचा पडदा उघडल्यासारखा बोलणारा इसम.

आमची कंपनी उत्तरेतली. परदेशातून ड्रॉइंग्ज आणून तिने ही हलकी गाडी काढली. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच थोडं ऑइल मिसळून टाकायचं. आत भानगडी कमी, दुरुस्ती स्वस्त. त्या काळी स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे. जुन्या भारदस्त मोटरसायकली पेट्रोल पाण्यासारखं प्यायच्या. तुफान कमी प्यायची आणि मागितली की मिळायची. दिल्ली-पंजाबात ती हातोहात खपली.

आमच्याकडे खपेना. उसाचा बागायतदार शोरूममध्ये यायचा, टाकीवर टिचकी मारायचा, गाडीभोवती एक चक्कर टाकायचा आणि विचारायचा, “ह्याच्यावर मी बसायचं, का हे माझ्यावर?” उत्तर न ऐकताच निघून जायचा. गाडीचा आवाजही बारीक, टर्रर्र असा. कुपवाडच्या कारखान्यांतली माणसं तिला शिलाई मशीन म्हणायची.

सांगलीचे आमचे डीलर शेटे अण्णा. हळदीची अडत धाकट्या भावाच्या हवाली करून त्यांनी दोन्ही जिल्ह्यांची ही एजन्सी घेतली होती. गाड्या शोरूममध्ये धूळ खात उभ्या होत्या. शेवटी मुंबईहून झोनल मॅनेजर सूदसाहेबांनी बजावलं, की या हंगामात माल उठला नाही तर दोन्ही जिल्ह्यांची एजन्सी बंद. मी बिहारला, आणि अण्णा धाकट्या भावाच्या गादीवर, हाताखाली. अण्णांना बिहार परवडलं असतं.

तेव्हा मी डोकं चालवलं. इथली माणसं जाहिराती वाचत नव्हती, पण कुस्ती बघायला वीस कोस चालत जायची. मग जत्रेतल्या शेवटच्या मोठ्या कुस्तीला तुफान इनाम लावावी, असं मी सुचवलं. सूदसाहेबांना कल्पना इतकी आवडली की ते स्वतः बघायला आले. जत्रेच्या कमिटीने जोडही झकास लावली. साताऱ्याकडचा किसन पैलवान, पलटणीतून सुट्टीवर आलेला. समोर मिरजेकडचा बंडा पैलवान. जिल्ह्याविरुद्ध जिल्हा. मी हवेत होतो.

एकच गोष्ट मी कुणाला विचारली नव्हती. दिवस मावळेपर्यंत कोणीच चितपट झालं नाही तर? हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मग कुस्ती बरोबरीत सोडायची आणि इनाम निम्मं-निम्मं वाटायचं. नोटांचं ते ठीक आहे.

आणि तसंच झालं. दोन डोंगर एकमेकांना टेकून उभे राहिले ते हललेच नाहीत. उजेड जायला लागला तशी पंचांनी कुस्ती सोडवली. लोकांच्या नजरा पैलवानांवरून मोटरसायकलवर आल्या.

“पुढलं चाक सातारला द्या, मागलं सांगलीला,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आन् हार्न रं?”

“हार्न सरपंचाला. तेवढाच आवाज हुईल त्येंचा.”

सगळं मैदान हसलं, सरपंचही हसले. सूदसाहेब भाषा कळत नसल्यामुळे सर्वांत मोठ्याने हसले. अण्णा माझ्या कानाशी आले.

“सातारला दिली तर मी सांगलीत दुकान उघडू शकत न्हाई,” ते म्हणाले. “सांगलीला दिली तर आपन हितनं बाहेर पडत न्हाई. आता तुमीच बघा.”

मी बघितलं. मैदान ओढ्यालगतच्या खळग्यात होतं. वर रस्त्याला लागायला एक उभा चढ होता, सुट्या दगडांचा. बैलगाडीलाही मागून रेटा लावत. तो चढ बघितला आणि माझ्या अंगात आलं. मी निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

मी सांगितलं, की मंडळी, आमच्या गाडीला तुम्ही काय म्हणता ते मला ठाऊक आहे. आता हे दोन्ही पैलवान एकाच वेळी तिच्यावर बसतील आणि ती हा चढ चढेल. चढली, तर कंपनी इथल्या इथे दुसरी तुफान जाहीर करते, दोघांना एकेक. नाही चढली, तर ही शिलाई मशीन डोक्यावर घेऊन मी मुंबईला चालत जाईन.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सूदसाहेबांनी माझी बाही ओढली. “क्या बोला?”

“सर, डेमो अनाउन्स किया.”

डेमो म्हणजे गिऱ्हाइकासमोर गाडी चालवून दाखवणं. तेव्हा मी खोटं काहीच बोललो नव्हतो.

“व्हेरी गुड,” साहेब म्हणाले.

किसन पलटणीत मोटरसायकलवरूनच डाक पोचवायचा, हे त्याने आधी बोलता बोलता सांगितलं होतं. तो पुढे बसला. बंडा मागे बसला, तसे मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर पार खाली गेले. दोघं मिळून सव्वादोन क्विंटल तरी भरले असते. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

“किसनराव, गाडी मोडली तर माज्या नावावर टाकू नगा,” बंडा म्हणाला.

“तू गप बस रं. श्वास बी बेतानं घे.”

एका किकमध्ये इंजिन लागलं. पहिला गिअर पडला. निम्म्या चढापर्यंत गाडी हूं की चूं न करता गेली आणि मग मागचं चाक दगडांवर गरगर फिरायला लागलं. निळा धूर उठला. गाडी जागच्या जागी थरथरत उभी. हलगी थांबली. मैदानात हजारो माणसं होती आणि आवाज फक्त आमच्या बारक्या इंजिनाचा. मी मनातल्या मनात मुंबईचा रस्ता आठवायला लागलो.

किसनने पाय टेकला नाही. क्लच अर्धा दाबून, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला घासाघासाने भरवत, तो मान न वळवता म्हणाला, “बंडा, मागं सरक. पार चाकावर बस.”

बंडा मागे सरकला. एवढा ऐवज नेमका मागच्या चाकावर आल्यावर ते चाक फिरणार कुठे? त्याने जमीन धरली. पुढचं चाक जरा हलकं झालं, किसनने हँडल दाबून धरलं, आणि गाडी पुढे निघाली. ज्या वजनाला मी घाबरत होतो, त्याच वजनाने ती वर नेली. वर रस्त्यावर पोचल्यावर किसनने ऐटीत एक गोल चक्कर मारली आणि बंडाने मागे बसल्या बसल्या शड्डू ठोकला.

मग काय झालं ते सांगायला माझ्याकडे दोन हात कमी पडतात. हलग्या कडाडल्या. सातारवाले आणि सांगलीवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. सूदसाहेबांना फेटा बांधून लोकांनी खांद्यावर उचललं. तेवढ्यात सरपंच माइकवर आले. तेही जुने फौजी, हिंदीचा त्यांना अभिमान.

“साहबने दिलदारी दिखाया,” ते गरजले. “दोनो पैलवान को एक एक गाडी दिया.”

साहेबांनी खांद्यावरून मला शोधून काढलं. मी जोरजोरात टाळ्या वाजवत होतो. माझा तेव्हाचा अनुभव असा, की फेटा बांधून खांद्यावर घेतलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. सूदसाहेबांनी हात जोडले.

परतीच्या वाटेवर आम्ही जीपने कऱ्हाडपर्यंत आलो. साहेबांनी फेटा अजून काढला नव्हता, त्यावरून मला धीर होता. मग ते म्हणाले, “और अगर नहीं चढ़ती तो?”

मुंबईला चालत निघालो असतो, असं मी सांगितलं.

“गाडी के साथ,” साहेब म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून हसले.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या शोरूमसमोर बैलगाड्या आणि सायकली उभ्या होत्या. टिचकी मारणारे तेच बागायतदार आता विचारत होते, “किसन-बंडाची गाडी हीच न्हवं?” हंगाम संपायच्या आत शोरूम रिकामं झालं. पुढच्या वर्षी अण्णांनी साताऱ्यात दुसरं दुकान काढलं, आणि आमच्या तुफानलाही नंबर लावून वाट बघण्याची पाळी लोकांवर आली. दोन पैलवान एका गाडीवर, हे चित्र कंपनीच्या कॅलेंडरवर झळकलं. कल्पना सूदसाहेबांची, असं हेड ऑफिसात सगळे मानत. मी कधी हरकत घेतली नाही. बिहारला जावं लागलं नव्हतं.

आता मी नव्या सेल्समनना ट्रेनिंग देतो. त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, की गिऱ्हाइकाची भाषा मन लावून शिका. साहेबांना मात्र ती शिकवायला जाऊ नका.