माझ्या हातानं खराब झालेला कोबा

नेरला आम्ही घर बांधलं, तेव्हा बैठकीचा कोबा माझ्या थोरल्या भावानं घातला. तो गवंडी. दोन दिवस गुडघ्यांवर बसून त्यानं सिमेंट असं घोटलं, की येणारा-जाणारा वाकून हात फिरवून पाहायचा.

वास्तुपूजनाला आठ-दहा दिवस होते. रंगकामाचे पांढरे शिंतोडे पुसून निघेनात, म्हणून मी संडास धुवायच्या ॲसिडची बाटली सरळ कोब्यावर ओतली. भसाभसा फेस आला. शिंतोडे गेले, पण वरचा गुळगुळीत थरही गेला. सुपाएवढ्या जागेत रेती उघडी पडली.

संध्याकाळी ह्यांनी ते पाहिलं. सोबत शेजारचे काका होते. त्यांच्या नव्या घराचं काम भावालाच द्यायचं चाललं होतं.

"हे काय झालं?" ह्यांनी विचारलं.

मी घाबरले. तोंडातून निघून गेलं, "दादानं सिमेंट कमी टाकलं असन."

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. उकिडवा बसला, बोटानं खरवडून बोट नाकाशी नेलं. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ह्यांना म्हणाला, "माह्याच हातून चुकलं, जवाई. करून देतो."

मग माझ्याकडून खायचा सोडा मागून घेतला. त्याच्या पाण्यानं ती जागा दोन-तीनदा धुतली, तारेच्या ब्रशनं घासली, भुसभुशीत झालेलं छिन्नीनं काढलं आणि नवं सिमेंट भरून थापीनं घोटलं. आठवडाभर मी त्यावर ओलं पोतं ठेवलं. जागा पक्की झाली, पण रंग काही जुळला नाही.

काकांनी काम दुसऱ्याला दिलं. गावात बोलणं पसरलं. भाऊ यवतमाळला दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली जाऊ लागला.

मागच्या वर्षी त्याच्या घरी गेलते, तेव्हा एकदाचं बोलले. "दादा, थे ॲसिड मीच टाकलं होतं."

"मले मालूम आहे."

"मंग तवाच काहून नाही बोलला?"

"नव्या घरात तुह्यावर कायले बोल आणू?" मग म्हणाला, "तू सांगशीन म्हणून लय दिवस वाट पाह्यली, बाई."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. काकांकडेही गेले. "असं होय," एवढंच काका म्हणाले आणि घरात चहा ठेवायला सांगितला. भावाचे गुडघे आता गेलेत. तो कोबा घालत नाही.