नेव्हिल ट्रेंबाथची रोमन खाण

नेव्हिल ट्रेंबाथ उभ्या आयुष्यात ॲडलेडच्या पलीकडे गेला नाही, आणि ॲडलेडला गेला तोही दाढ काढायला. पण रोमन काळातल्या हिस्पानियामधल्या, म्हणजे आताच्या स्पेनमधल्या, एका चांदीच्या खाणीत उतरायची वाट त्याला अशी पाठ होती, की माणूस झोपेत उठून आपल्या न्हाणीघरात जातो तसा तो तिथे जायचा, आणि आम्हालाही न्यायचा.

नोकरी वॉलरूच्या बंदरावर, धान्याच्या कोठारांपाशी वजनकाट्यावर. बार्लीचे ट्रक यायचे, हा खिडकीतून हात काढून "थांब" म्हणायचा, वजन झालं की "जा" म्हणायचा. दिवसाकाठी या दोन शब्दांवर त्याचं भागायचं. बाकीचे सगळे शब्द तो रविवारसाठी साठवून ठेवतो, असं क्लॅरीचं म्हणणं होतं.

क्लॅरी पोल्किंगहॉर्न हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या मूंटा गावातल्या शाळेची बस चालवायचा. मला रोज शाळेत नेऊन सोडणारा तोच, आणि पुढच्या सीटवर पाय ठेवले म्हणून भर उन्हात रस्त्यात उतरवून देणाराही तोच. नेव्हिलने लग्न केलं नाही. क्लॅरीने केलं, बायको वारली, मुलगी मेरिलिन मागे राहिली. नेव्हिलची घरची माणसं म्हणाल तर हे दोघं.

रविवारी दुपारी जेवणं उरकली की इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे गावच्या सभागृहाच्या, बाजूच्या खोलीत आम्ही चौघं जमायचो. नेव्हिल, क्लॅरी, पोस्टातून रिटायर झालेली डॉट नॅनकर्व्हिस आणि मी. मी टायरच्या दुकानात काम करतो. मूंटात रविवारी दुपारी करण्यासारखं दुसरं काम म्हणजे तोंडावरच्या माश्या हाकलणं, आणि ते खेळता खेळताही जमतं.

खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसेल तिथे फासे टाकायचे. अशा खेळांची छापील पुस्तकं मिळतात. नेव्हिलने रोमन भुताखेतांचं एक मागवलं, वाचलं, आणि "यांनी कधी खाण पाहिलेली नाही" म्हणून बाजूला ठेवलं. आमच्याकडे जवळपास सगळ्यांचेच पणजोबा कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत मरायला आलेले. गावाखाली बोगदे अजून आहेत. मधूनच कुणाच्या तरी परसात जमीन खचते, मग चार खांब रोवून तार ओढली की झालं. नेव्हिलने इतिहासातून रोमन सैन्य घेतलं, त्यांचे कायदे, त्यांचा पगार, त्यांचं आंबलेलं दारूपाणी घेतलं, आणि त्या सगळ्याच्या खाली आपल्या पणजोबाची खाण ठेवून दिली.

खाणीत काहीतरी होतं. त्याला शिंगं होती की शेपूट, हे नेव्हिलने कधीच सांगितलं नाही. तिसऱ्या पातळीवर एक भिंत, आजूबाजूच्या दगडापेक्षा नवी. भिंतीमागून आवाज. दुसऱ्या कुणी घसा खरवडून राक्षसाचा आवाज काढला असता. नेव्हिल आपल्या नेहमीच्याच आवाजात बोलायचा, चहात दूध घालू का असं विचारावं तितक्या हळू, तितक्या मायेने. "आलास का? बस. मी आहे ना." एवढंच. डॉटने पोस्टात चाळीस वर्षं गावाची भांडणं ऐकलेली, तरी ते ऐकून ती विणकाम मांडीवर ठेवून द्यायची.

क्लॅरीचं पात्र कोर्वस, शंभर जणांच्या तुकडीचा नायक. अशा नायकाच्या हातात द्राक्षवेलीची काठी असायची म्हणे, शिपायांच्या पाठीवर हाणायला. क्लॅरीने मेरिलिनच्या अंगणातला वेल कापून खरीच काठी केली होती. ती टेबलावर आपटून तो मला हुकूम सोडायचा, कारण मी त्याच्या तुकडीतला सगळ्यात भित्रा शिपाई होतो, कोठीतला पाव चोरताना पकडलेला. "तू पुढे हो, पावचोर. बसमध्ये पाय वर करून बसायचास ना, आता चाल." डॉट ग्रीक वैदू होती. तिच्या औषधाने कुणी बरं झाल्याचं मला आठवत नाही.

प्रत्येकाच्या कागदावर एक आकडा असायचा, धीराचा. भयंकर काही दिसलं की फासे टाकायचे आणि आकडा उतरायचा. तो संपला की ते पात्र वेडं झालं, आणि कागद उचलून नेव्हिलच्या हातात द्यायचा. मग ते माणूस तुमचं राहत नाही. या बाबतीत नेव्हिलने कधी दयामाया दाखवली नाही. फासे उघड्यावर टाकायचा, पडेल ते पडेल. डॉटचा पहिला वैदू असाच गेला. ती आठवडाभर नेव्हिलशी बोलली नाही, पण कागद तिने दिला.

एका रविवारी आम्ही भिंतीपर्यंत पोचलो, आवाज ऐकला, जीव घेऊन पळालो. पुढच्या रविवारी क्लॅरी आला, काठी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चला, आज खाणीच्या तोंडाशी पोचतोय ना आपण?"

मी म्हणणार होतो की म्हाताऱ्या, गेल्या खेपेला तूच सगळ्यात पुढे पळालास. डॉटने टेबलाखालून माझ्या नडगीवर बूट मारला.

नेव्हिलची पापणीही लवली नाही. "पोचलात," तो म्हणाला. "पहाट आहे. खाली गेलेले मजूर वर आलेले नाहीत." आणि गेल्या रविवारची गोष्ट त्याने पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केली. मग क्लॅरीच्या कागदावरचा उतरलेला आकडा गुपचूप खोडून पहिला लिहिला. इतक्या वर्षांत त्याने केलेली ही पहिली लबाडी.

खेळ संपल्यावर मी नेव्हिलला त्याच्या गाडीपाशी गाठलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय," तो म्हणाला. "मेरिलिनला ठाऊक आहे. क्लॅरी माणसं विसरायला लागलाय. परवा शेजाऱ्याला म्हणाला, तुम्ही नवीन आलात का गावात. शेजारी जन्मापासून तिथे राहतो."

"मग?"

"कोर्वस नाही विसरला. काठी घेऊन आला बघ. जोवर तो कोर्वस आहे, तोवर त्याच्यासमोर बसलेला मी कोण हे त्याला कळेल. मला तेवढं पुरे."

"म्हणजे दर रविवारी हेच?"

"तुला दुसरीकडे कुठे जायचंय?"

कुठे जायचं नव्हतं. मग आम्ही दर रविवारी त्याच खाणीत उतरू लागलो. काय येणार हे तिघांना पाठ, एकट्या क्लॅरीला नवं. डॉटला दचकायचं सोंग चांगलं जमायला लागलं. माझं बिघडत गेलं. क्लॅरी मला म्हणायचा, "तुला भीती कशी वाटत नाही रे, बैला?" खोडून खोडून त्याच्या कागदावर त्या आकड्याच्या जागी लोकरीसारखी लव आली. नेव्हिलने नवा कागद केला, मग आणखी एक.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. भिंतीमागून आवाज आला की क्लॅरीचा चेहरा पांढरा व्हायचा, आणि मग तो खो खो हसायचा. "हरामखोर आहेस तू, नेव्ह. घाबरवलंस मला." आणि मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचा मोठा घास घ्यायचा. या एका वाक्यासाठी नेव्हिल आठवडाभर जगायचा. ते ऐकलं की तो कान खाजवायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

हळूहळू ते हसू उशिरा यायला लागलं. मग येईना. आवाज यायचा, चेहरा पांढरा व्हायचा, आणि तसाच राहायचा. पेस्टी तशीच. "काय झालं?" तो विचारायचा.

"काही नाही, खेळ आहे," नेव्हिल सांगायचा.

"कसला खेळ?"

एका रविवारी मेरिलिन एकटीच आली. ती बेकरीत काम करते, अंगावर पिठाचा ॲप्रन तसाच होता. बापाला शेजाऱ्यांकडे बसवून आली होती. बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, "नेव्ह, तू माझ्या बाबांना इथे काय सांगतोस?"

"तुला माहीत आहे. गोष्ट."

"रविवारी संध्याकाळपासून तो खुर्चीत बसत नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहतो. जेवण उभ्याने. बुधवार उजाडला की जरा टेकतो. काय झालं विचारलं तर सांगता येत नाही त्याला."

"तो विसरतो, मेरिलिन. तुमच्या दारात पोचेपर्यंत सगळं विसरलेला असतो."

"गोष्ट विसरतो. भीती विसरत नाही." ती हळू आवाजात बोलत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आधी घाबरायचा, पण कशाला घाबरलो ते ठाऊक असायचं. म्हणून हसायचा. आता ते 'कशाला' इथे टेबलावर राहतं, आणि उरलेलं मी घरी नेते. कुठे ठेवू सांग."

डॉटच्या सुया थांबल्या. नेव्हिलने टेबलावरचे फासे गोळा करून खिशात टाकले.

"मला एक रविवार दे," तो म्हणाला. "खाण नाही. वरची छावणी फक्त. ऊन, भाकरी, बकऱ्या. त्याला कोर्वस राहू दे. बाकी सगळं काढून टाकतो."

मेरिलिनने ॲप्रनला हात पुसले. "काठी घेऊन घरातून निघतो ना, तेव्हा तो मला माझा बाप दिसतो," ती म्हणाली. "एक रविवार. तुझ्यासाठी नाही."

त्या आठवड्यात नेव्हिलने रोमन शिपाई गहू कसे दळायचे, राखेत भाकरी कशी भाजायचे, सगळं वाचून काढलं. मला फोन करून विचारलं की भिंतीवर चढलेली बकरी विनोदी वाटते का. मी म्हटलं, बकरी कुठेही विनोदीच वाटते.

रविवारी क्लॅरी आला. मेरिलिनने त्याचे केस विंचरले होते. काठी होती. मला बघून म्हणाला, "चल रे, पावचोर," आणि आम्हा तिघांनाही एकदम वाटलं, जमलं.

नेव्हिलने घसा साफ केला आणि सुरुवात केली. "सकाळ आहे. ऊन पडलंय. छावणीत कुणीतरी भाकरी भाजतंय, वास येतोय..."

क्लॅरीच्या हातातले फासे टेबलावर सांडले. तो नेव्हिलकडे बघत नव्हता, नेव्हिलच्या मागच्या भिंतीकडे बघत होता.

"...आणि एक बकरी," नेव्हिल म्हणाला.

"याला गप्प करा," क्लॅरी म्हणाला. मग डॉटकडे वळून, परक्या बाईशी बोलावं तसं, अगदी अदबीने, "बाई, तुम्ही इथून चला. ते आत आलंय."

नेव्हिल उठला. त्याने हात पुढे केला, आणि त्याच्याकडे जेवढी माया होती तेवढी सगळी आवाजात आणून म्हणाला, "क्लॅरी, बस. मी आहे ना."

शब्द तोंडातून निघाले आणि त्याचं त्यालाच कळलं. मीही ऐकले. डॉटनेही. त्याने आवाज बदलला असता, पण त्याच्याकडे दुसरा आवाज नव्हता. खाणीतल्या त्या वस्तूला त्याने स्वतःचाच दिला होता, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याचं कौतुक केलं होतं.

क्लॅरी भिंतीला पाठ लावून उभा राहिला, काठी दोन्ही हातांत आडवी धरून. त्याची पँट ओली झाली होती. डॉटने त्याला बाहेर नेलं. तिच्याबरोबर तो मुकाट गेला. नेव्हिल जागेवरून हलला नाही, आणि ते दोघं रस्त्यापलीकडे जाईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

पुढे मेरिलिनला घरी सांभाळणं झेपेना. क्लॅरीला जवळच्या कडिना गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. पहिल्या भेटीला नेव्हिल दारातून "काय रे" एवढंच म्हणाला, आणि क्लॅरी पलंगाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तेव्हापासून नेव्हिल तिथे बोलत नाही. दर रविवारी जातो, टोपी काढतो, खुर्चीवर बसतो. नर्सची समजूत झाली की हा मुका आहे. तिने त्याला एक पाटी आणून दिली. नेव्हिलने ती घेतली आणि मान हलवून आभार मानले. मेरिलिनला हे ठाऊक आहे. तिने नर्सला काही सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी मीही बरोबर गेलो होतो. क्लॅरी छान दाढी करून बसला होता. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं, पण मला त्याची हरकत नव्हती. नेव्हिलकडे बोट करून तो मला म्हणाला, "बिचारा. बोलता येत नाही त्याला. माणूस चांगला आहे पण, न चुकता येतो." मग बहिऱ्याशी बोलावं तसं नेव्हिलच्या कानाशी वाकून, एकेक शब्द मोठ्याने, सुटा करून बोलला.

"इथे. भिंतीमागे. एकजण असतो. गोड बोलतो. बोलावतो. तू जाऊ नकोस हं."

नेव्हिलने मान हलवली. नाही जाणार.

क्लॅरीचं समाधान झालं नाही. त्याने नेव्हिलचं मनगट धरलं आणि भेटीची वेळ संपेपर्यंत सोडलं नाही.