न वाजवता घेतलेलं मडकं

आधी हातातले कप खाली ठेवा. हसता हसता कुणाच्या नाकातून चहा आला, तर तो दोष माझ्यावर नको. माझ्या नावावर आधीच पुष्कळ आहेत. आता हेच बघा ना, मी माझ्या जिवंत मोठ्याबाबांच्या मयतीला अख्खं गाव बोलावलं होतं. आणि तेही तोंडातून धड एक वाक्य न काढता!

मोठेबाबा म्हणजे माझे थोरले चुलते, आबाजी. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. मराठी चौथीनंतर मी शाळा सोडली तेव्हा गुरुजी रागावले, पण मोठेबाबा म्हणाले, "असू द्या. पोट्टा प्रामानिक हाय. वावराले तेवढं पुरते."

प्रामाणिक मी आहेच. पण लाजाळूही इतका, की बैलाला हाकारतानासुद्धा आधी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते बघतो!

त्या वर्षी ज्वारी निघाली आणि मोठ्याबाबांचा रंग उडायला लागला. चेहरा पांढऱ्या मातीनं सारवल्यासारखा. पोटात सारखा मुरडा. स्वतःच्याच घराचा ओटा चढताना धाप लागायची. गावकरी म्हणाले, म्हातारपण आहे, चालायचंच. मला काही ते चालेना. मी दमणीला बैल जुंपले आणि त्यांना खामगावच्या दवाखान्यात नेलं.

डाक्तर नागपूरकडचे होते. त्यांनी मोठ्याबाबांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या.

"रक्त फार कमी झालंय," ते म्हणाले. "आणि हिरडीवर ही निळसर रेघ दिसते? यांच्या पोटात कुठून तरी शिसं जातंय. काही कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात. घरातली भांडी बंद करा. आणखी कुठून जातंय का, तेही शोधा. ते थांबलं तर हे सुधारतील. नाही थांबलं, तर या वयात कठीण आहे."

आणखी कुठून म्हणजे कुठून, हे मी तिथंच विचारायला हवं होतं की नाही? पण डाक्तरांना प्रश्न विचारायचा? मी? "हाव जी" म्हणालो, मागे मागे सरकलो आणि जाताना दाराच्या चौकटीलाही नमस्कार केला.

घरी येताच मी तांब्या-पितळेची सगळी भांडी अंगणात काढली. मोठीआई, म्हणजे माझी थोरली चुलती, स्वयंपाकघरातून धावत आली.

"काऊन बे गजा, काय करून राह्यला?"

"डाक्तर म्हनते, कल्हईत शिसं हाय. ह्यातलंच मोठ्याबाबाच्या पोटात जाते."

"हळू बोल! आपल्या भांड्यात जहर हाय असं गावात झालं, तं उद्या दारात कोनी पानी पिनार नाई. माही आन हाय तुले, बाहेर बोलजो नको!"

आता रांधायला काहीतरी हवंच. मी कुंभारवाड्यात गेलो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रांधायचं मडकं घेताना आमच्याकडे ते बोटांनी टणटण वाजवून पाहतात आणि भावावरून चांगली घासाघीस करतात. फक्त एका कामासाठी घेतलेलं मडकं वाजवत नाहीत, त्याचा भावही करत नाहीत. ते मडकं घेऊन मयतीपुढे चालायचं असतं. ही रीत मला माहीत नव्हती का? होती हो! पण देवमन कुंभाराच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर टणटण कोण करणार?

"काय पायजे, गजाभाऊ?" देवमनदादांनी विचारलं.

"मडकं," मी जमिनीकडे बघत म्हणालो.

"कायले?"

मोठीआईची आन आठवली. "मोठ्याबाबासाठी," एवढंच बोललो. खरं सांगतो, त्यांचं नाव घेताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

देवमनदादांच्या हातातली चिलीम हातातच राहिली. "अरारा!" ते म्हणाले. त्यांनी उठून मडकं माझ्या हातात दिलं. मी पैशांसाठी खिशात हात घातला, तर त्यांनी तोंड फिरवलं. "आज नाई रे बापा. मोठीआईले सांभाळ."

किती मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणत मी निघालो. रस्त्यात मला बघून माणसं उठून उभी राहत होती. एकानं तर पागोटं काढलं! माझ्यासाठी कधी कुणी बसल्या जागी हललेलं नाही. मला वाटलं, दवाखान्याचं एवढं काम एकट्यानं केलं म्हणून मान वाढला असेल.

मागच्या दारानं घरात शिरलो. मोठीआईनं नव्या मडक्यात खिचडी टाकली. मोठेबाबा परसात खाटेवर बसून पळसाच्या पानावर जेवायला लागले, आणि पुढच्या अंगणातून हंबरडा ऐकू आला.

जाऊन बघतो तर अंगण माणसांनी भरलेलं! दोघांच्या खांद्यावर हिरवे बांबू. बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. मी ओरडून सांगायला हवं होतं ना? पण एवढी माणसं माझ्याकडे बघत होती, जीभ टाळूला चिकटली. जो येईल तो मला मिठी मारून रडे. मग मीही रडलो. समोरचा इतका जीव तोडून रडत असताना आपण नुसतं उभं कसं राहायचं?

तेवढ्यात मोठेबाबा काठी टेकत बोळीतून पुढे आले. मिशीला खिचडीचं शीत. कुणाच्या ध्यानात यायच्या आत ते किसनाजीजवळ टेकले. किसनाजी त्यांचा पत्त्यांतला जुना सोबती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोन गेलं गा?" मोठ्याबाबांनी हळूच विचारलं.

"आबाजी गेला," किसनाजी हुंदका देत म्हणाला.

"कोनचा आबाजी?"

"अबे, आपला! पत्त्यात लबाडी करे, पन दिलाचा राजा मानूस."

मोठ्याबाबांनी काठी आपटली. "लबाडी मी करो काय बे? मांडीखाली हुकूम कोन लपवे?"

किसनाजीनं जी किंकाळी फोडली! तो उठला आणि धावत सुटला, तो थेट बांबूवाल्यांवर. बायका पळाल्या, कुत्री भुंकली. सगळं शांत झाल्यावर अख्खं गाव माझ्याकडे वळलं.

"मडकं वाजवलं काऊन नाई बे तुनं?" देवमनदादा गरजले.

"लाज वाटली," मी म्हणालो.

इथवर हसलात ना? आता पुढचं ऐका.

जाता जाता गुरव म्हणाला, "मारुतीनंच वाचवलं. आबाजीनं त्याची सेवाच तेवढी केली." खरंच होतं ते. दर शनिवारी तेलात शेंदूर कालवून मूर्तीला लावायचं काम मोठेबाबाच करत, वर्षानुवर्षं, आपल्या हातांनी. गुरवानं मला शेंदराची पुडी दिली. "रोज सकायी यातला कपायाले लावत जा."

मी विचार केला, आजार पोटात आणि शेंदूर कपाळाला? हे कसं पोहोचणार? मग मी आपलं प्रामाणिकपणे रोज सकाळी बोटभर शेंदूर गुळात कालवून त्यांना चाटवायला लागलो.

मोठेबाबा आणखी खंगले. खाटेवरून उठवेना. मोठीआई नुसती पाय चेपत बसे. रात्री त्यांचा श्वास ऐकत मी पडून राहायचो. ते गेले तर मला या जगात कोण होतं?

पुन्हा दमणी, पुन्हा खामगाव.

"भांडी?" डाक्तरांनी विचारलं.

"सगळे काढले जी. मातीच्याच मडक्यात रांधतो."

"मग जातंय कुठून?" त्यांनी मोठ्याबाबांचा हात उचलला. नखांच्या कडा अजून लालसर होत्या. "हे काय?"

"शेंदूर जी, मारुतीचा. शनवारी हेच कालवत होते. आता उठवत नाई, म्हनून मीच रोज चाटवतो."

"काय करतोस?"

"गुळातून. बोटभर." आणि मी मोठ्या अभिमानानं खिशातली पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

डाक्तर खुर्चीत बसले.

"अरे बाबा, शेंदूर शिशापासूनच करतात! आधी हाताला लागलेला जेवणातून जायचा, आता तू थेट चाटवतोस!"

बाकड्यावर पडलेल्या मोठ्याबाबांनी एक डोळा उघडला.

"म्हंजे डाक्तरसाहेब, घरात ते भांडे होते, तवाच मी बरा होतो काय?"

डाक्तर हसले, पुडी उचलून दूर ठेवली आणि म्हणाले, "सापडलं हे फार बरं झालं. आता सुधारतील." ते ऐकलं आणि मी तिथंच खाली बसून ढसाढसा रडलो.

"आता कायले रडतं बे?" मोठेबाबा म्हणाले. "आता तं कोनी मेलं बी नाई!"

उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. ओटा चढायचे, पत्ते कुटायचे, लबाडीही करायचे. मारुतीला शेंदूर आता काठीला चिंधी बांधून लावायचे आणि राखेनं हात घासायचे. मी मात्र रोज सकाळी उठलो की आधी त्यांचा घोरण्याचा आवाज ऐकायचो आणि मगच चूळ भरायचो.

पुढं पिंपळगाव राजा या गावचे पाहुणे सोयरीक घेऊन मला बघायला आले. मी आत दारामागं उभा. मुलीच्या बापानं विचारलं, "पोरगा सभावानं कसा हाय जी?"

मोठेबाबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "अशी सेवा करनारं पोरगं जिल्ह्यात भेटनार नाई. मी त्याच्या सेवेतून वाचलो, म्हनून तं हे सांगाले जित्ता हाय!"