लांबची लेन्स

नवशिक्याने कोणता डीएसएलआर घ्यावा, याचा तक्ता मी महिनाभर करत होतो. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही, म्हणून कॅमेरा आणि लेन्स यांच्या जोड्याही त्यात मांडल्या होत्या. तरी दुकानात काही ठरेना. माझी बायको, सुनंदा, कंटाळून रस्त्यापलीकडच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

दुकानदाराने सत्तर ते तीनशेची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून कॅमेरा हातात दिला. "बघा तर खरं." मी तो सहज पलीकडे रोखला आणि सुनंदा हातभर अंतरावर आली.

ती दोन्ही हातांनी गुडघा दाबत होती. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. आपल्याकडे कोणी पाहत नाही, अशा वेळचा तो चेहरा होता. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तो पाहिला नव्हता. हे दुखणं किती दिवसांचं, तेही मला सांगता येईना. बटणावरचं बोट दाबवेना. आपल्याच माणसाला असं चोरून पाहणं बरं नव्हे. पण चोरून पाहिल्याशिवाय ते दिसलंही नसतं.

थोड्या वेळाने ती आत आली. "अहो, झालं का?"

"गुडघा दुखतोय तुझा?"

"छे! तुम्ही आपलं ते आटपा."

मी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. लेन्स फोकस शोधत नुसती गुरगुरत राहिली. सुनंदा पुसटच.

"जवळचं हिच्यात येत नाही साहेब, मागे सरा," दुकानदार म्हणाला.

मी मागे सरलो. तोवर सुनंदाने चेहरा फोटोपुरता नीट करून घेतला होता.