एकच्या आधी रानात

आधी मावशीबद्दल सांगते, कारण ती नसती तर पुढचं सांगायला मी राहिले नसते. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. अमेरिकेत शॉमबर्ग गावी आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटी राहणारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची अमेरिकन बाई. तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली. माझी शाळा सातवीत सुटली आणि नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असतो, त्यामुळे घरी आलेलं प्रत्येक इंग्रजी पत्र मी धडधडत्या छातीनं तिच्याकडे नेते. ती वाचते आणि म्हणते, "घाबरू नकोस, जाहिरात आहे."

मी एका इंडियन दुकानाच्या किचनमध्ये पोळ्या लाटते. एकदा बोलता बोलता तिला सांगितलं, की आमच्या कोकणात श्रावणात वारुळाजवळ अळंबी उगवते आणि आई ती नारळाच्या वाटपात करते. मावशी म्हणाली, "आमच्याकडे वसंतात मोरेल येतात. मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळीदार टोपी, आतून पोकळ. तुला नेईन मी. पण मी सांगेन तेव्हाच."

मग सुरू झालं थांबणं. एप्रिल उजाडला तशी मी रोज विचारायचे, आज? ती खिडकीतून बाहेर बघायची आणि म्हणायची, नाही. ओकची पानं खारीच्या कानाएवढी होऊ देत. आदल्या दिवशी पाऊस हवा, रात्री गारठा नको. "माझ्या बसमधली पोरंसुद्धा तुझ्याइतकं विचारत नव्हती," ती म्हणायची.

मे महिना लागला आणि एका सोमवारी ती म्हणाली, उद्या. माझी सुट्टीच होती. तिला सकाळी गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून दोघींनी आपापल्या गाडीनं यायचं, रानाच्या पार्किंगमध्ये भेटायचं असं ठरलं. एक गोष्ट तिनं मला तीनदा सांगितली. तिथे सकाळी टर्कीची शिकार चालते. टर्की म्हणजे कोंबड्याच्या जातीचा मोठा रानपक्षी. दुपारी एकला शिकार बंद होते, मगच अळंबीवाल्यांनी आत जायचं. "एकच्या आधी पाऊल टाकायचं नाही. काय सांगितलं मी?"

"एकच्या आधी नाही," मी म्हटलं.

मला कुठेही उशीर व्हायची फार भीती वाटते, म्हणून मी लवकर निघाले. रस्ता दाखवता दाखवता फोनची बॅटरी वाटेतच संपली. पोचले तेव्हा पार्किंगमध्ये एकच पिकअप उभी होती, आत कोणी नाही. गाडीतल्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झालेली. मी पंधरा मिनिटं थांबले. मावशी आली नाही. वाटलं, डॉक्टरकडे वेळ लागला असेल. वेळ तर होऊन गेलीय, तोवर कडेकडेनं बघावं. केसांत गोचीड जाऊ नये म्हणून लाल ओढणी डोक्याला बांधली आणि आत शिरले.

पहिल्यांदा काहीच दिसेना. मावशीनं शिकवल्याप्रमाणे साल सुटलेलं वाळकं एल्मचं झाड शोधलं आणि नुसती उभी राहिले. पाचेक मिनिटांनी पानांतून एक जाळीदार टोपी दिसली. मग शेजारी दुसरी. मग चार. मी उकिडवी बसले आणि हातानं पाचोळा सारत सारत पुढे सरकू लागले. इतकी खूश होते की भीती विसरले होते, आणि माझ्या बाबतीत हे फार क्वचित होतं.

जवळच एक पक्षी ओरडला. थांबला. पुन्हा ओरडला, आता आणखी हळू. मी मान वर केली. समोर एका बुंध्याला टेकलेलं झुडूप हललं. वारा नव्हता. झुडपाला डोळे होते. पानापानांचे कपडे, पानांचाच मुखवटा, आणि गुडघ्यावर टेकवलेली बंदूक. तिचं तोंड माझ्याकडे.

डोक्यात काय यावं? घरी ओट्यावर भिजवून ठेवलेली कणीक कोण फ्रिजमध्ये ठेवणार. मग नवरा. त्याला कोण सांगेल, आणि तेव्हा तो ट्रक चालवत असेल का?

तेवढ्यात पार्किंगकडून गाडीचा हॉर्न वाजला. एकदा नव्हे, सारखा. मग बंद झाला आणि मावशीचा आवाज आला, बसमधल्या सगळ्या पोरांना एका दमात गप्प करणारा. "आत बाई आहे! बंदूक खाली! पोरी, आहेस तिथेच बस, उठू नकोस!" माझी रिकामी गाडी तिनं पाहिली होती, आणि तोच ओरडा पुन्हा पुन्हा करत, ढासळत्या उतारावरून, नेहमीची काठीही न घेता ती चालत येत होती.

बंदूक खाली गेली. शिकाऱ्यानं मुखवटा ओढून काढला. आत पन्नाशीचा, घामानं निथळणारा माणूस होता. "मी मादीचा आवाज काढत होतो, आणि समोर लाल डोकं," तो म्हणाला, "नराचं डोकं लालच असतं. वर पाचोळ्याचा आवाज. मी फक्त दाढी, म्हणजे नराच्या छातीवरचा केसांचा झुपका, दिसायची वाट बघत होतो. दाढी दिसल्याशिवाय आम्ही गोळी घालत नाही." मग तो चिडून विचारू लागला, की ही बाई आता आत कशी? रानाच्या अधिकाऱ्याला फोन करायला हवा.

ऑफिसर म्हटलं की मला आमचे ग्रीन कार्डचे कागदच आठवतात. मी रडू लागले. मावशी माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "चूक माझी," ती त्याला म्हणाली. "मीच हिला वेळ चुकीची सांगितली. फोन करायचा तर माझं नाव सांग." तिनं चुकीची वेळ कधी सांगितली होती? पण मी गप्प राहिले. त्याची मला अजून लाज वाटते. त्यानं फोन केला नाही.

पार्किंगमध्ये आल्यावर ती माझ्या गाडीत वाकून बघू लागली. घड्याळात पावणेदोन. तिनं आपल्या मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं. पाऊण.

"हे कुठलं घड्याळ?"

"एडिसनचं," मी म्हटलं. गाडी आम्ही पूर्वेकडच्या त्या गावातून आणली होती. बहीण तिथे असते, तिला फोन करायची वेळ कळावी म्हणून मी ते कधी बदललंच नाही. तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास पुढे.

मावशीनं दोन्ही घड्याळं पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाली, "म्हणजे एडिसनमध्ये तू अगदी वेळेवर होतीस."

मला हसू आलं आणि लगेच उलटी झाली. ती माझी पाठ चोळत राहिली. एक वाजल्यावर आत जायचं का, असंही तिनं विचारलं. मी नको म्हटलं. त्या चार अळंब्या तिथेच राहिल्या.

तो उतार उतरल्यापासून तिचा उजवा गुडघा वाकत नाही. डॉक्टर ऑपरेशन सांगतात आणि ती तारीख पुढे ढकलते. बंदुकीकडे चालत जाणारी ही बाई भूल द्यायच्या सुईला घाबरते. मी विचारते स्वतःला, तिच्या जागी मी गेले असते का त्या रानात? उत्तर मला आवडत नाही. म्हणून तिला सांगून ठेवलंय, तारीख तू घे. आत नेईपर्यंत तुझा हात मी धरेन. शुद्धीवर येशील तेव्हा समोर मी असेन, आणि तू चालू लागेपर्यंत तुझ्या घरी राहीन, दुकानानं सुट्टी दिली नाही तरी. तिनं अजून तारीख घेतलेली नाही. घेईल तेव्हा मी तिथे असेन.