दाताने तोडलेला दोरा

हसू नका, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी फिटिंगवालीच्या दातांवर तार चढली, तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं, बाईला या वयात नटायची लहर आलीय. खोटं कशाला बोला, ही गोष्ट सांगणारीही त्यात पुढेच होती, पोटभर हसून घेतलं होतं.

नटणं कसलं डोंबलाचं! बाईचा वरचा पुढचा दात हलत होता. तीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करताना आणि शर्ट आत घेताना तिने दातांनाच कात्री केलं होतं. टीप मारली की मान वाकवायची, दोरा दातात धरायचा, टक्. हिरड्यांचं दुखणं जुनंच, त्यात हा रोजचा हिसका. पुढचे दोन दात असे फाकले होते की मधून शीळ वाजावी.

दातांची डॉक्टरीणबाई म्हणजे भाचीच्या वयाची पोरगी, पण बोलायला सरळ. आधी हिरड्यांवर उपचार केले, मग तार बसवली आणि बजावलं, की हिरडी स्वच्छ राहिली तर दात वाचेल, नाहीतर तारेबरोबर दातही काढावा लागेल.

फिटिंगवालीची आई पुढचे दात पडल्यामुळे पन्नाशीनंतर तोंडावर हात धरूनच बोलायची, शेवटपर्यंत. ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं. म्हणून घासभर काही खाल्लं तरी ही दुकानामागच्या बेसिनपाशी उभी, बारका ब्रश तारेखालून फिरवत. काजं-बटणं करणारी थोरली बहीण चिडवायची, की एवढा वेळ आरशापुढे तू लग्नाच्या दिवशीही नव्हतीस.

तीन महिने नीट गेले. मग शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा आला, दोन दिवसांत द्यायचा. गठ्ठ्यातली अकरावी की बारावी पँट असेल, फिटिंगवालीचं लक्ष घड्याळाकडे, मान आपोआप खाली गेली. टक्. या वेळी तुटला तो दोरा नव्हता. तार धरून ठेवणारं दातावरचं ब्रॅकेट सुटून तारेवर लोंबत होतं, निघायला आलेल्या बटणासारखं.

आता डॉक्टरीणबाईला काय सांगायचं? फिटिंगवालीने ब्रॅकेटवर तारेबरोबर मिळालेल्या मेणाची गोळी थापली आणि तपासणीच्या दिवशी पाहुणे आलेत म्हणून निरोप धाडला. मेणाखाली अन्नाचे कण अडकत राहिले, हिरडी सुजली. तिसऱ्या आठवड्यात ब्रशला रक्त लागलं. तो तिने रुमालात गुंडाळला खरा, पण तीस वर्षं एकाच टेबलाशी बसलेल्या बहिणीपासून काय लपणार? बहिणीने चालू मशीन बंद केलं आणि शटर अर्धं ओढलं.

"उठतेस, की ओढत नेऊ?"

डॉक्टरीणबाई रागावली नाही. फिटिंगवालीला त्याचीच जास्त धास्ती वाटली. पोरीने दात दोन बोटांत धरून हलवला. नवं ब्रॅकेट चिकटवून सहा आठवड्यांची मुदत दिली. तोवर रक्त थांबलं नाही तर दात ठेवता येणार नव्हता.

ते सहा आठवडे कसे काढले तिचं तिला ठाऊक. जीभ दिवसभर त्या दाताला ढकलून बघायची, कालच्यापेक्षा जास्त हलतोय का? छोटी कात्री नाडीला बांधून गळ्यात घातली. तरी मान वाकायची, मग बहीण फूटपट्टी टेबलावर आपटायची आणि गिऱ्हाईक दचकायचं. रोज रात्री जेवणानंतर दातांचा दोरा, फ्लॉस म्हणतात तो, तारेखालून ओवून एकेक दात साफ करायचा. ओवण्यात तिचा हात कोण धरणार!

मुदत संपली. डॉक्टरीणबाईने सगळी हिरडी टोचून पाहिली. रक्त नाही. दात हलत होता, पण कमी.

"टिकेल?"

"असंच सांभाळलंत तर टिकेल, काकू. दोरा कसा ओवता ते दाखवा बघू."

फिटिंगवालीने डोळे पुसले आणि वीतभर तुकडा तोडला.

"एवढ्याशाने काय होतंय? दीड हात घ्यायचा."

"लांब दोरा गुंततो."

"आम्हाला तसंच शिकवलंय."

"मलाही शिकवलंय, वीतभरच. तीस वर्षांपूर्वी."

पोरगी हट्टाला पेटली. दीड हात दोरा काढून स्वतःच ओवायला लागली. दोन दात झाले, तिसऱ्याला दोरा ब्रॅकेटला अडकला, मग हातमोज्याला, मग स्वतःलाच. आ वासून पडलेल्या फिटिंगवालीला बोलता येईना. तिने नुसती अंगठा-करंगळी ताणून वीत दाखवली.

डॉक्टरीणबाईने गुंता कापून काढला आणि नवा दोरा वीतभरच तोडला.