आधी खुशीला फोन दे

बापूजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेल्ह्याच्या बाजारात टेम्पोतून गुरांच्या दाव्यांचे गठ्ठे उतरवून घेत होते. सगळे उतरले, मगच घरी गेले. बाजारच्या दिवशी दुकान सोडायचं नाही, हे माझ्या या सासऱ्यांनीच शिकवलं होतं. बैठकीला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, खंबीर माणूस होता. मी पाण्याचे पेले फिरवत राहिले. आता महिना उलटलाय, तेव्हा लिहिते.

आमची दोन दुकानं. बेल्ह्याचं दोरखंडाचं नि पेंडीचं, ते माझे यजमान आणि मी बघतो. दुसरं राजस्थानात, सीमेजवळच्या मूळ गावी, किराण्याचं. ते धाकटा दीर महेंद्र चालवतो. बापूजी बेल्ह्यातून रोज सकाळी त्याला फोन करून एकच विचारत, "बोहनी झाली का?" पहिली विक्री झाली म्हणजे दुकान जागं आहे, एवढंच त्यांना हवं असे. त्याच्या पोरी कशा आहेत हे विचारायचं काम माझं. लग्नानंतर पाहुणे नाकं मुरडत असताना मला गल्ल्यावर बसवलं तेही बापूजींनीच, हे मी नाकारत नाही. पण त्याने पुढचं पुसलं जात नाही.

गेल्या वर्षी सीमेवर लढाई पेटली. तिकडे संध्याकाळपासून दिवे बंद, आभाळात गडगडाट, शेजारीपाजारी कुलपं लावून निघालेले. जाऊ रेखाचा मला फोन आला. भाभी, बापूजींना तुम्ही सांगा, त्यांच्या शब्दाशिवाय हे हलत नाहीत. मी सांगितलं, निदान पोरींना तरी इकडे येऊ द्या. ते म्हणाले, "दुकानदाराची बायकापोरं पळाली की गाव उठतंय. आपुन तिथं लई पिढ्या मीठ विकलंय." आणि महेंद्रला फोनवर बजावलं, "पाय रोवून ऱ्हा. शटर पाडायचं न्हाई."

हाच माणूस त्या आठवड्यात, जवळच्या उसात बिबट्या दिसला म्हणून, ऊन असतानाच बेल्ह्याचं शटर ओढून घरात बसत होता. अंगणातल्या नळावर जायलासुद्धा काठीवालं कुणीतरी सोबत लागे. मी तोंडावर विचारलं, बिबट्याला भिता आणि लेकाला तोफेपुढे उभं करता?

"बिबट्याफुडं कसली इज्जत गं," म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला...

पुढे दोनच दिवसांनी महेंद्रच्या घरामागे गोळा पडला. भिंत राहिली. धाकटी खुशी खिडकीशी होती, तिचा डावा कान गेला. लढाई थांबल्यावर बापूजी बाजारभर सांगत फिरले, आमच्या पोरानं शटर पाडलं न्हाई. खुशीच्या कानाचं कुणी विचारलंच, तर म्हणत, "दुसरा हाय की."

त्या बोलण्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. गेले म्हणून करणारही नाही. खंबीर ते नव्हते. खंबीर रेखा होती, पोरींना घेऊन तिथे राहिलेली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आता सकाळी महेंद्रच इकडे फोन करतो. बापाची सवय त्याला लागलीय. परवाही तेच, "भाभी, बोहनी झाली का?"

"ती होईल," मी म्हटलं. "आधी खुशीला दे."

तो म्हणाला, इथंच आहे ती.

"दे मग. उजव्या कानाला लाव."